शिडीपाशी चपला नव्हत्या

१२ मार्च

धाकटे,

वर आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून तुझ्यापासूनच सुरुवात करतो. फोन तू उचलत नाहीस. इथली खोली सोडून तू सासूबाईंकडे राहायला गेलीस, म्हणून गेल्या रविवारी बसमध्ये सहा तास हाडं खिळखिळी करून घेत तिथे तुझ्या दारात आलो, तर तू साखळीसुद्धा काढली नाहीस. फटीतून एवढंच म्हणालीस, "माझा नवरा निष्काळजी होता असं तू लिहून दिलंस, दादा. आता आत येऊन काय बघायचंय?" आणि दार लावून घेतलंस. आत तुझ्या सासूबाई खोकत होत्या. मी थोडा वेळ जिन्यात बसलो आणि परतीची बस पकडली.

मला फक्त इतकं सांगायचंय की ते मी लिहिलेलं नाही. अपघाताचा अहवाल मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये टाईप झाला. मी पाळीचा सुपरवायझर, म्हणून खाली सही माझी लागते. "कामगार कोणालाही न सांगता मिक्सरमध्ये उतरला. मृत्यूस त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा कारणीभूत आहे." एवढी दोन वाक्यं होती. मेहुण्यांना जाऊन तेव्हा एक दिवसही उलटला नव्हता, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. साहेबांनी पेन पुढे केलं, मी सही केली. तू माझ्या जागी असतीस तर तुला कळलं असतं.

बटण रेडिओने दाबलं. रेडिओ म्हणजे आमचा मिक्सरचा ऑपरेटर. तोंड कधी बंद नसतं म्हणून ते नाव पडलं. आता महिना झाला, तो घरात बसून आहे आणि कोणाशी बोलत नाही. मेहुण्यांनी त्याला 'आत जातोय' असं सांगितलं नव्हतं, हे तर खरंच आहे. मग बिचाऱ्यावर तरी कसलं खापर फोडायचं? वाईट वेळ आली होती, दुसरं काय म्हणणार.

तुझ्या वहिनीने तुला दोन ओळी लिहायला घेतल्या होत्या. कागद तसाच ठेवून उठली. अजून माझ्या टेबलावर पडलाय.

तुझा दादा


२९ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. "त्या दिवशी काय झालं ते लिही. बाकी काही लिहू नकोस." मोजून दहा शब्द. लहानपणीही तू अशीच होतीस. मी थापांचे डोंगर रचायचो आणि तू कमरेवर हात ठेवून विचारायचीस, "मग पुढे?" माझी बोबडी वळायची.

तू आमच्या शेडमध्ये कधी आली नाहीस, म्हणून आधी जागा सांगतो. साबणाची पावडर मिसळायचा मिक्सर म्हणजे आडवं ठेवलेलं लोखंडी पिंप समज. आत चार माणसं उभी राहतील एवढं मोठं, आणि मधल्या दांड्यावर फिरणारी पाती. माणसाला आत उतरायचं तर वरच्या झाकणातून. झाकण बारा फुटांवर, तिथे लोखंडी शिडीने चढायचं. बटण मात्र खाली, खांबावर. खाली उभं राहिलं की झाकण उघडं आहे का बंद, काही दिसत नाही. पावडर पात्यांना चिकटून घट्ट होते, ती पाळी संपता संपता आत उतरून खरवडायची. हे काम मेहुण्यांचं. मी त्यांना मेहुणे म्हणतो म्हणून सगळी शेडच म्हणायला लागली होती, त्यांच्या बापाच्या वयाची माणसंसुद्धा.

आता चपलांचं. आत उतरणारा शिडीच्या पायाशी चपला काढून ठेवायचा. मालात माती जाऊ नये म्हणून कोणीतरी कधीतरी ही सवय लावली होती. पण त्यावरून बाकीच्यांना आयतं कळायचं. शिडीपाशी चपला दिसल्या म्हणजे आत माणूस आहे. नसल्या म्हणजे मशीन मोकळं. मी लागलो तेव्हापासून बावीस वर्षं हेच चालू होतं. कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं, कोणी शिकवायला आलं नव्हतं, आणि एकदाही चूक झाली नाही. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला सांगायचं, आधी चपला बघ, मग बटण. एकजण अनवाणीच कामाला यायचा. त्याच्यासाठी आम्ही एक जुना जोड आणून ठेवला होता, केवळ शिडीपाशी काढून ठेवायला.

मग गेल्या वर्षी एका हमालाच्या पायावर ड्रम पडला आणि दोन बोटं चेचली. वरून विचारणा झाली. कंपनीने मला सुरक्षेच्या प्रशिक्षणाला सहा दिवस पाठवलं. परत आलो तो छातीवर हिरवा बिल्ला लावूनच. तू आणि मेहुणे तेव्हा जेवायला आला होतात, आठवतंय? मी ताटावर बसूनसुद्धा भाषण ठोकत होतो. पहिला नियम मी काढला तो बुटांचा. शेडमध्ये चपला बंद. पुढे पोलादी टोपण असलेले बूट सगळ्यांना, आणि कामाच्या वेळेत ते पायातून काढायचे नाहीत, कारण काहीही असो. मिक्सरमध्ये उतरायचं तर वरून प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या.

प्रशिक्षणात कुलपाची पद्धतही शिकवली होती. आत जाणाऱ्याने मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात टाकून उतरायचं. तो बाहेर येईपर्यंत कोणाच्या बापाला मशीन चालू करता येत नाही. मी कुलपं मागितली. साहेब म्हणाले, पुढच्या खरेदीत बघू. बूट मात्र आठ दिवसांत आले.

त्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला मेहुणे आत उतरले. शिडीपाशी चपला नव्हत्या. रेडिओने बटण दाबलं.

असं झालं. यात कोणाच्या मनात वाईट होतं, तूच सांग.

दादा


११ एप्रिल

धाकटे,

दुसरं कार्ड आलं. त्यावर दोनच शब्द आहेत. "मग पुढे?"

चार दिवस ते खिशात घेऊन हिंडलो. वहिनीने विचारलं, काय लिहिलंय तिने. मी म्हटलं, खुशाली. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

पुढे नाही, मागे आहे. बटण दाबायच्या आधीचं.

बुटांचा नियम आल्यापासून रेडिओ बावरला होता. बावीस वर्षं नाही, पण अकरा वर्षं तरी तो शिडीपाशी बघूनच बटण दाबत आला होता. आता बघायचं काय? म्हणून तो मला विचारायला लागला. दर वेळी. मी खांबापासून दहा पावलांवर टेबलाशी बसतो. त्या दिवशीही त्याने हाक मारली, "साहेब, मोकळं आहे का?"

मी मालाचे आकडे लिहीत होतो. मान वर केली आणि शिडीच्या पायाशी बघितलं. मुद्दाम नाही बघितलं, इतक्या वर्षांची मान आहे, ती आपोआप वळली. जागा रिकामी होती. मी म्हटलं, "मोकळं आहे. दाब."

त्या दिवसाच्या सहाच आठवडे आधी ज्या चपला मी स्वतः बंद केल्या त्याच मी शोधल्या, आणि दिसल्या नाहीत म्हणून निर्धास्त झालो. असा मूर्खपणा दुसऱ्या कोणी केला असता तर मी त्याला आयुष्यभर बोल लावला असता. मेहुण्यांनी सांगितलं नाही असं अहवालात आहे. सांगायची पद्धतच नव्हती गं आमच्याकडे. चपला सांगायच्या. त्यांचं तोंड मी बंद केलं आणि मग माणसाने सांगितलं नाही म्हणून त्याच्यावर सही केली.

आवाज कसा झाला ते मी लिहिणार नाही. तू आणखी दहा कार्डं टाकलीस तरी नाही. मेन स्विच मी ओढला. शिडीवर पहिला मीच चढलो. बूट पायात होते. वर पिशव्या अगदी नीट बांधलेल्या होत्या, दोऱ्याला दोन गाठी, मी दाखवल्या होत्या तशा.

पोलिसांना रेडिओने सांगितलं, "मी दाबलं." माझं नाव त्याने घेतलं नाही. मी शेजारीच उभा होतो आणि मीही घेतलं नाही. परवा त्याच्या घरी गेलो होतो. भिंतीकडे तोंड करून झोपला होता. त्याची बायको म्हणाली, "तुम्ही आलात की ते तीन दिवस जेवत नाहीत, नका येत जाऊ." आता दोन घरांची दारं मला बंद आहेत.

मेहुण्यांचा दोष नव्हता. हे मी पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं.

दादा


२८ एप्रिल

धाकटे,

या वेळी तुझं कार्ड नाही. तरी लिहितो, कारण अजून राहिलंय. तुला बहुतेक ठाऊक नसेल. ठाऊक असतं तर तू मला पायऱ्यांपर्यंतही येऊ दिलं नसतंस.

बूट वाटले त्या दिवशी सगळी पाळी अंगणात जमली होती. मी एका उलट्या खोक्यावर उभा राहून नियम वाचून दाखवत होतो. शेजारी मॅनेजरसाहेब. मेहुणे मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी उठून हात वर केला. "चपला काढायच्या नाहीत, तर आत कोण आहे ते बाहेरच्याला कळणार कसं?"

साधा प्रश्न होता. सहा दिवसांच्या प्रशिक्षणात कोणी विचारला नव्हता आणि माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. कुलपं यायची होती. 'बरोबर बोललात, कुलपं येईपर्यंत चपलाच राहू द्या' एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण साहेब बाजूला, छातीवर बिल्ला, आणि विचारणारा कोण, तर माझ्याच बहिणीचा नवरा. मेहुण्याची चेष्टा करायचा तर आपला हक्कच. मी म्हटलं, "मेहुणे, तुम्ही आत जाताना शिट्टी घेऊन जात जा. बायकोची आठवण आली की वाजवा, आम्ही मशीन थांबवू."

सगळे खो खो हसले. साहेबसुद्धा हसले. मेहुणेही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते ते मला खोक्यावरून दिसलं. मग ते खाली बसले. पुन्हा त्यांनी तो प्रश्न मला कधी विचारला नाही. दुसऱ्या कोणी विचारला असता तर मी कदाचित विचार तरी केला असता. मेहुण्यांचा होता म्हणून हसण्यावारी नेला.

आणखी एक. झाकण उघडलं की मशीनची वीज तुटावी, असा एक स्विच मशीन बनवणाऱ्यांनीच झाकणाला बसवलेला असतो. आमच्या मिक्सरलाही होता. त्यात पावडर जायची, मशीन मध्येच बंद पडायचं, माल अडायचा. म्हणून दोन वर्षांपूर्वी वायरमनला सांगून त्या स्विचच्या तारा थेट एकमेकांना जोडल्या. झाकण उघडं असो वा बंद, मशीन आपलं चालू. चिठ्ठीवर 'तात्पुरते' असं लिहिलंय. खाली साहेबांची सही आहे, आणि माझी. तो स्विच जागेवर असता तर मी दहा वेळा 'दाब' म्हटलं असतं तरी मेहुणे संध्याकाळी घरी आले असते.

सोळा मेला फॅक्टरी इन्स्पेक्टरसमोर जबाब आहे. साहेबांनी बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "अहवालात आहे तेच बोला. जास्त खोलात गेलात तर मान तुमचीच अडकेल." खोटं नाही बोलले.

मी सगळं सांगणार आहे. सांगेपर्यंत माझा मलाच भरवसा नाही, म्हणून तुला आधी लिहून ठेवतो.

दादा


२१ मे

धाकटे,

सांगितलं.

लहानशी खोली होती, पंखा कुरकुरत होता, आणि लिहून घेणारा कारकून दर वाक्याला "जरा हळू" म्हणत होता. चपलांचं सांगितलं. मी 'दाब' म्हटलं ते सांगितलं. झाकणाच्या तारांचं सांगितलं. इन्स्पेक्टरने चष्मा काढून विचारलं, "हे तुम्ही आज का सांगताय?" मी म्हटलं, "बहिणीने विचारलं म्हणून." ते त्याने लिहून घेतलं नाही.

मला वाटलं होतं साहेबांच्या तोंडचं पाणी पळेल. छे. उलट त्यांचा जीव भांड्यात पडला. चौथ्या दिवशी सुधारलेला अहवाल तयार. मेहुण्यांच्या नावापुढचा 'निष्काळजीपणा' काढलाय. तो आता माझ्या नावापुढे आहे. "पर्यवेक्षकाने खात्री न करता मशीन सुरू करण्याची सूचना दिली." खरंच आहे, माझी तक्रार नाही. मला त्याच दिवशी काढून टाकलं. पण तारांबद्दल अहवालात एक अक्षर नाही. ती चिठ्ठी म्हणे फाईलमध्ये सापडत नाही. एक माणूस सापडला, प्रकरण मिटलं.

सोमवारपासून मिक्सर चालू झालाय. रेडिओ परत कामावर गेला, त्यानेच येऊन सांगितलं. दारातच उभा होता, चार वाक्यं बोलला आणि गेला. झाकणाच्या तारा तशाच जोडलेल्या आहेत. कुलपं अजून पुढच्या खरेदीतच आहेत. मेहुण्यांच्या जागी नवा माणूस घेतलाय. दोन मुलींचा बाप आहे. रोज दुपारी बूट घालून, वर पिशव्या बांधून आत उतरतो.

माझ्या बोलण्याला आता किंमत नाही. काढलेला माणूस डूख धरून बोलतोय, असंच म्हणतील. वरच्या अधिकाऱ्याकडे चौकशी पुन्हा उघडता येते, पण अर्ज गेलेल्याच्या घरच्यांनी करायचा असतो. त्या 'तात्पुरते' चिठ्ठीची कार्बनप्रत माझ्या प्रशिक्षणाच्या फाईलमध्ये सापडली. ती सोबत पाठवतो. माझा जबाबही सही करून पाठवतो. दोन्ही वापर. माझ्यावर जे यायचं ते येऊ दे, आता गमावण्यासारखं फार उरलेलं नाही. पण तो माणूस रोज उतरतोय, धाकटे, आणि दुपारचे अडीच वाजले की मला घरात बसवत नाही.

शिट्टीचं मात्र मी इन्स्पेक्टरला सांगितलं नाही. चेष्टामस्करीचा मशीनशी काय संबंध, असं मनाशी म्हटलं.

माफी मागत नाही. मागायची कशाच्या जोरावर?

दादा


९ जून

दादा,

अर्ज दिला. सासूबाईंनी पहिली सही केली, मला पेन धरू दिलं नाही. चिठ्ठीची प्रत बघितल्यावर कचेरीतल्या बाई उठून आतल्या साहेबांकडे घेऊन गेल्या. बावीस जूनची तारीख मिळाली आहे. तोवर मिक्सर बंद ठेवायचा आदेश कालच निघाला. त्याची नक्कल माझ्याकडे आहे. तुला अडीच वाजता घरात बसता येईल.

तू लिहिलंस की शिट्टीचं मला ठाऊक नसेल. मला त्याच दिवशी कळलं होतं.

हे संध्याकाळी घरी आले. नवे बूट काढता काढता म्हणाले, "आज तुझ्या दादाने सगळ्यांसमोर माझी टोपी उडवली." आणि सगळं सांगितलं. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मी हसले. पोट धरून हसले. तुझं बोलणं मला डोळ्यांसमोर दिसत होतं. माझं हसणं थांबेपर्यंत ते थांबले आणि मग म्हणाले, "पण प्रश्न बरोबर होता ना माझा?"

मी म्हटलं, "दादा सहा दिवस शिकून आलाय. तुम्हाला कशातही खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही."

तेवढ्यावर ते गप्प बसले नाहीत. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाले, उद्या मॅनेजरसाहेबांना जाऊन विचारतो. मी म्हटलं, "दादाला डावलून वर जाऊ नका, बरं दिसत नाही. घरातलं नातं आहे." म्हणून गेले नाहीत. तुझ्या चेष्टेमुळे नाही थांबले, दादा. ती त्यांनी सोडून दिली होती. माझ्यामुळे थांबले.

मी तुझ्यावर रागावले नाही असं समजू नकोस. रागावले आहे आणि तो राग जाईल असं मला वाटत नाही. पण त्या दिवशी दार लावलं ते नुसतं रागाने नाही. तुला आत घेतलं असतं तर कधी ना कधी हे सांगावं लागलं असतं. 'निष्काळजी' हा शब्द त्यांच्यावर होता तोवर मला भांडायला तू होतास. तू तो स्वतःवर घेतलास आणि मी एकटी पडले.

बावीस तारखेला ये. चहा मिळणार नाही, सोबत जेवायचंही नाही, आपण वेगवेगळ्या बाकांवर बसू. शिट्टीचंही सांग. त्याचा मशीनशी संबंध आहे. तुझं सांगून झालं की मी उभी राहणार आहे. मला कोणी काही विचारलेलं नाही आणि ते लिहून घेतील की नाही माहीत नाही, पण मी हसले होते हे मी तिथे सांगणार आहे.

धाकटी